तो नकाराचा कागद आज बाहेर काढा

गिरीजकरांनो,

तुमच्या घरात एक कागद पडून असेल. कपाटाच्या वरच्या कप्प्यात, जुन्या रिपोर्टांच्या पिशवीत, नाहीतर गादीखाली. त्यावर सरकारी रुग्णालयाचा शिक्का असेल, घरातल्या माणसाचं नाव असेल आणि खाली लिहिलेलं असेल की दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अपात्र. किंवा प्रमाणपत्र मिळालंय, पण टक्केवारी चाळिसाच्या आत आहे. किंवा तहसील कार्यालयाचं पत्र असेल, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज नामंजूर झाल्याचं.

तो कागद आज बाहेर काढा. रविवारची वाट पाहू नका. आज.

कारण तो कागद म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. आपण मात्र तो तसा मानून बसतो. ‘डॉक्टरांनी नाही म्हटलं ना, मग संपलं.’ ‘साहेबांनी सही केली, आता काय करणार?’ असं म्हणून कागद घडी घालून ठेवला जातो, आणि ज्या दिवसापासून तो हातात आला त्या दिवसापासून मुदत सरत राहते. केळीला ज्या आठवड्यात पाणी लागतं त्याच आठवड्यात द्यावं लागतं, हे वसईच्या वाडीवाल्याला सांगायला नको. अपिलाचंही तसंच आहे.

काय पणाला लागलंय ते आधी नीट समजून घ्या. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात बहुतेक लाभांचा उंबरठा ४० टक्के आहे. ३९ टक्के आणि ४० टक्के यांत चालण्याबोलण्याचा फरक कदाचित कुणाला दिसणारही नाही, पण घराच्या हिशेबात तो महिन्याला दिसतो. संजय गांधी योजनेत दिव्यांग लाभार्थ्याला मिळणारी रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून महिना १,५०० वरून २,५०० रुपये झाली. वर्षाचे ३०,००० होतात. ज्या घरात आई अंथरुणाला खिळलीय आणि सून चार घरी कामाला जाते, तिथे हे पैसे म्हणजे औषधं, डायपर आणि महिन्याचं दूध. शिवाय एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत, सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षण, सरकारी नोकरीत ४ टक्के आणि उच्च शिक्षणात ५ टक्के आरक्षण. महापालिकेच्या दिव्यांग निधीतून मिळणारी मदतही याच प्रमाणपत्राच्या दारातून जाते. एका कागदामागे इतकं सगळं अडून आहे.

आणि त्याहून मोठा प्रश्न आहे, जो गिरीजच्या कितीतरी घरांत रात्री दिवा मालवताना मनात येतो. आमच्यामागे ह्याचं काय? मतिमंद मुलाची आई सत्तरीला टेकते, बाबांची दृष्टी अधू होते, आणि मुलाच्या नावावर एकही पक्का कागद नसतो. तुम्ही त्या आईच्या जागी असाल, तर हा लेख खाली ठेवू नका. त्या आईचे शेजारी असाल, तर तो तिच्या घरी जाऊन वाचून दाखवा.

आता तुमचं काम. कागद समोर ठेवा आणि पहिला प्रश्न विचारा: नकार कुणी दिला?

दारं दोन आहेत. एक रुग्णालयाचं. तिथे डॉक्टरांचं मंडळ तपासतं आणि टक्केवारी ठरवतं. दुसरं तहसील कार्यालयाचं. तिथे टक्केवारी मान्य असते, पण उत्पन्न, रहिवास, आधार, बँक खातं यांवर अर्ज अडतो. बरीच माणसं रुग्णालयाच्या नकारासाठी तहसीलला खेटे घालतात आणि तहसीलच्या नकारासाठी डॉक्टरांपुढे हात जोडतात. दोन्हीकडे दिवस जातात. आधी दार ओळखा.

मग दुसरा प्रश्न: नकाराचं कारण काय लिहिलंय? कारण लिहिलेलं नसेल, तोंडी सांगून परत पाठवलं असेल, तर ते लेखी मागा. नकार कारणासह लेखी मिळणं हा तुमचा हक्क आहे, त्यासाठी कुणाचे उपकार नकोत. साधा अर्ज लिहा, त्याची एक प्रत स्वतःकडे ठेवा, त्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. शिक्का मारल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नका.

कारण हातात आलं की निर्णय सोपा होतो. हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवा: कागद चुकला तर नवा अर्ज, निकाल चुकला तर अपील.

कागद चुकला म्हणजे काय? आधारवर ‘मारिया’ आणि अर्जात ‘मेरी’. जन्मतारीख वेगळी. फोटो अस्पष्ट. तपासणीच्या दिवशी ऑडिओग्राम नव्हता, एमआरआय जोडला नव्हता, जुना डिस्चार्ज कागद हरवला होता. अशा वेळी अपील करून महिने घालवू नका. चूक दुरुस्त करा आणि स्वावलंबन पोर्टलवर नव्याने अर्ज भरा. १ जून २०२१ पासून प्रमाणपत्रं याच पोर्टलवरून दिली जातात. वसई ठाणे जिल्ह्यात होती तेव्हाचं हाताने लिहिलेलं प्रमाणपत्र असेल तर ते फेकू नका, पण त्याच्यावर विसंबूनही राहू नका. ते पोर्टलवर चढवून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, करून घ्या.

तब्येत बदलली असेल तरीही नवा अर्ज. दोन वर्षांपूर्वी पक्षाघातानंतर हात थोडा हलत होता, आता हलत नाही. मधुमेहाने नजर आणखी गेली. ऐकू येणं कमी झालं. जुना निकाल त्या दिवशी बरोबर असेल, पण तो आजच्या माणसाबद्दल काही सांगत नाही. नव्या तपासण्या घेऊन जा. अर्ज राहत्या जिल्ह्यातच करावा लागतो असंही नाही. जिथे उपचार चालू आहेत किंवा झाले आहेत त्या सरकारी रुग्णालयातल्या अधिकृत मंडळाकडेही करता येतो. ज्याचे उपचार मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चालू आहेत त्याच्या फायली तिथेच आहेत, हे ध्यानात ठेवा.

पण इथेच धोका आहे. निकालच चुकला असेल आणि तुम्ही तेच कागद घेऊन नवा अर्ज केलात, तर बहुधा तेच उत्तर येईल. पुन्हा रांग, पुन्हा रिक्षा, पुन्हा उचलून नेणं. आणि दरम्यान पहिल्या निकालाविरुद्ध अपिलाची मुदत निघून जाईल. नवा अर्ज ही सोपी वाट वाटते, कारण त्यात कुणाशी वाद घालावा लागत नाही. वाद घालायला घाबरू नका. डॉक्टरांचा अपमान होतोय असं मनात आणू नका. कायद्याने दिलेली ही वाट आहे. २०१६ च्या कायद्याचं कलम ५९ सांगतं की प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकाऱ्याचा निर्णय मान्य नसेल तर राज्य सरकारने नेमलेल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे दाद मागता येते.

म्हणून नकार ज्या खिडकीवर मिळाला त्याच खिडकीवर विचारा: अपील कुणाकडे करायचं, किती दिवसांत? उत्तर लेखी मागा. आणि मुदत कितीही असली तरी शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका.

निकाल चुकला हे कसं ओळखायचं? चार गोष्टी पडताळा.

पहिली, आजार चुकीच्या खान्यात टाकला का? १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात २१ आहेत. त्यात सिकलसेल आहे, थॅलेसेमिया आहे, पार्किन्सन आहे, स्वमग्नता आहे, शिकण्यातली अडचण आहे, मानसिक आजार आहे, ॲसिड हल्ल्याचे बळीही आहेत. कुणी ‘हे दिव्यांगत्वात बसत नाही’ असं म्हणालं असेल, तर यादी काढून पाहा.

दुसरी, दोन अपंगत्वं असताना एकच मोजलं का? हे फार वेळा निसटतं. पायाचे ३० टक्के आणि कानाचे २४ टक्के असतील तर दोन्ही एकत्र धरायचे असतात. सरळ बेरीज होत नाही, त्याला सूत्र आहे. मोठा आकडा घ्यायचा. नव्वदातून तो वजा करून जे उरतं त्याने लहान आकड्याला गुणायचं आणि नव्वदने भागायचं. येईल ते मोठ्या आकड्यात मिळवायचं. इथे नव्वदातून तीस गेले, उरले साठ. चोवीस गुणिले साठ भागिले नव्वद म्हणजे सोळा. तीस अधिक सोळा, एकूण ४६ टक्के. जो माणूस दोन्हीकडे अपात्र ठरत होता तो पात्र झाला. घरात बसून कागद-पेन्सिलने हा हिशेब करा.

तिसरी, तपासणी नीट झाली का? तपासणीचे निकष केंद्र सरकारने २०१८ मध्ये काढले आणि मार्च २०२४ मध्ये सुधारले. कोणत्या आजारात कोणती चाचणी, किती गुण, हे त्यात दिलेलं आहे. मंडळाने काय तपासलं आणि कसे गुण दिले ते कळत नसेल तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून स्वतःच्या तपासणीच्या नोंदी मागा. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. मात्र त्या उत्तरासाठी अपील अडवून ठेवू नका. अपील आधी द्या, नोंदी मिळाल्या की नंतर जोडा.

चौथी, मुदतीचं प्रमाणपत्र दिलं का? स्थिती सुधारण्याजोगी असेल तर तात्पुरतं प्रमाणपत्र योग्यच आहे. पण जो पाय कापला गेला तो परत येणार नाही. त्याला दर काही वर्षांनी पुन्हा मंडळासमोर उभं करत असतील, तर त्यावरही बोला.

हातात पांढरं कार्ड आलं असेल तर नाउमेद होऊ नका. यूडीआयडी कार्डाचे तीन रंग आहेत: ४० टक्क्यांच्या आत पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि त्यावर निळं. पांढरं कार्ड म्हणजे सरकारने अपंगत्व मान्य केलंय, वाद फक्त आकड्याचा आहे. आकडा पटत नसेल तर अपील तिथेच आहे.

आणि उत्तरच आलेलं नसेल? ते सगळ्यात घातक, कारण माणूस वाट पाहत बसतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये बदललेल्या नियमांप्रमाणे दोन वर्षांहून जास्त काळ निर्णयाविना पडलेला अर्ज निष्क्रिय होतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. पोर्टलवर जाऊन अर्जाची स्थिती आज पाहा. मोबाइल जमत नसेल तर घरातल्या कॉलेजच्या मुलाला हाक मारा.

तुम्हाला भीती वाटते, हेही खरं. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून देशभर गदारोळ उठला. त्यानंतर तपासणी कडक झाली, आणि खोट्यांच्या पापाचा जाच खऱ्यांना होऊ लागला. ‘पुन्हा अर्ज केला तर आपल्यालाच चोर म्हणतील’ असं मनात येतं. असं मानू नका. तुम्ही खरे असाल तर कडक तपासणी तुमच्याच बाजूची आहे. मात्र एक करू नका. कुणी म्हणालं, ‘इतके द्या, टक्के वाढवून देतो’, तर त्याला दारात उभं करू नका. फसवून लाभ घेतला तर दोन वर्षांपर्यंत तुरुंग किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं त्याच २०१६ च्या कायद्याचं कलम ९१ सांगतं. दलाल पळून जातो, नाव तुमच्या मुलाचं राहतं.

आणि दाद मागितल्याने खरंच काही होतं का? होतं. महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याला बोलण्यातल्या ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्वामुळे एमबीबीएसला अपात्र ठरवलं गेलं. त्याचा प्रश्न आपल्या उलट होता, आकडा जास्त म्हणून नकार. तो थांबला नाही. ‘ओंकार गोंड विरुद्ध भारत सरकार’ हे ते प्रकरण. सर्वोच्च न्यायालयाने त्याची पुन्हा तपासणी करवली, प्रवेश कायम केला आणि १५ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सांगितलं की नुसता टक्केवारीचा आकडा पाहून माणसाला नाकारता येणार नाही आणि मंडळांनी आपल्या निर्णयाची कारणं द्यावीत. मंडळाचा शब्द अंतिम नसतो, हे देशाच्या सर्वांत वरच्या न्यायालयाने सांगितलंय. मग आपण का मान खाली घालायची?

तहसीलच्या दाराबद्दल थोडं. संजय गांधी योजनेसाठी दिव्यांग व्यक्तीच्या कुटुंबाची वार्षिक उत्पन्न मर्यादा ५०,००० रुपये आहे आणि महाराष्ट्रात १५ वर्षांचा रहिवास लागतो. अर्ज उत्पन्नावर अडला असेल तर दाखल्यातला आकडा कुठून आला ते पाहा. वेगळ्या राहणाऱ्या भावाची कमाई चुकून धरली गेली का? दाखला मिळायला उशीर झाला किंवा तो नाकारला, तर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा हाताशी आहे. तीस दिवसांत प्रथम अपील करा. खातं आधारला जोडलेलं नाही म्हणून पैसे अडले असतील तर अपील नको. उद्या बँकेत जा, काम संपवा.

वसई पूर्वेच्या कारखान्यात प्रेसमध्ये बोटं गेलेल्या कामगारांनी एक लक्षात ठेवावं. कामावरच्या अपघाताची भरपाई हा वेगळा दावा आहे, त्याचं मंडळ वेगळं, त्याचं अपील वेगळं. एकाचा नकार दुसऱ्याला लागू होत नाही. दोन्ही करा.

वकिलाला पैसे नाहीत? लागत नाहीत. १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली दिव्यांग व्यक्तीला उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. वसईच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे. तिथे जा, किंवा १५१०० वर फोन करा. कुठेच ऐकलं जात नसेल तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तालयात लेखी तक्रार करा.

आता ज्यांच्या घरात हा प्रश्न नाही त्यांच्याशी बोलतो. तुमच्यावाचून हे होणार नाही. अपील लिहायला कायदा शिकावा लागत नाही, एक पान पुरतं: नाव, अर्ज क्रमांक, निकालाची तारीख, तो कुठे चुकला, जोडलेले कागद. पण ज्या घरात एक माणूस सांभाळण्यात दुसऱ्याचा पूर्ण दिवस जातो, तिथे ते एक पानही डोंगराएवढं होतं. ते पान तुम्ही लिहा.

चर्चमधल्या मंडळींनो, मिस्सानंतर सभागृहात दोन टेबलं मांडा आणि लोकांना कागद घेऊन बोलवा. हिरा डोंगरीच्या दत्तमंदिरात येणाऱ्या मंडळींनो, तुम्हीही एक गुरुवार याला द्या. बचत गटातल्या ताईंनो, पुढच्या बैठकीत हप्त्याआधी हा विषय घ्या. गणेश मंडळाच्या पोरांनो, तुमच्याकडे गाड्या आहेत. डॉक्टरांच्या तपासणीच्या दिवशी एका आजीला पालघरला नेऊन आणा. जिना उतरता येत नाही म्हणून तारीख चुकली, असं गिरीजमध्ये एकाही घरात घडू देऊ नका.

निवृत्त शिक्षकांनो, तुमचं अक्षर अजून वळणदार आहे. अर्ज लिहून द्या. दवाखान्यातल्या सिस्टरांनो, कोणता रिपोर्ट जोडायचा ते सांगा. रिक्षावाले दादा, तलावापासून स्टेशनपर्यंत रोज कितीतरी जणांना तुम्ही नेता. कोणाच्या घरी कुबडी आहे, कोणाच्या घरी चाकाची खुर्ची, हे तुम्हाला ठाऊक असतं. एकदा विचारा: प्रमाणपत्र मिळालं का? नाही? कधी नाही म्हणाले?

तुम्ही चांगली माणसं आहात. गावात कुणाचं घर जळालं तर न बोलावता धावता. इथे आग दिसत नाही, म्हणून कुणी धावत नाही, एवढंच. पण दर महिन्याला अडीच हजार रुपये, मुलाचा शाळेतला हक्क, बहिणीची नोकरीची संधी एकेक करून जळतेय.

म्हणून या सात दिवसांत पाच कामं करा. कागद शोधा. नकार कुणी दिला ते पाहा. कारण लेखी मिळवा. अपिलाची मुदत विचारून कॅलेंडरवर गोल करा. मग ठरवा: कागद चुकला किंवा तब्येत बदलली तर नवा अर्ज, निकाल चुकला तर अपील. दोन्ही वाटत असेल तर आधी अपील नोंदवा, कारण त्याची मुदत संपते. नव्या अर्जाचं काय करायचं ते नंतर वकिलाला विचारून ठरवा.

आणि स्वतःचं काम झालं की शेजारच्या घराचं दार वाजवा. त्यांच्या कपाटात काय पडलंय ते विचारा.